नोकरी बदलताना रिटनचं काय होतं

अमेरिकेत विमानं उडवणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचा एक लहानसा गोतावळा आहे. कुणी फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतं, कुणी रात्री छोट्या विमानातून पार्सलं नेतं, कुणी रीजनल एअरलाइनमध्ये को-पायलट आहे. मी या तिन्ही पायऱ्या चढून आलो आणि वाटेत नोकऱ्याही बदलल्या, त्यामुळे धाकट्या मंडळींचे फोन मला येतात. प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो: "दादा, एटीपीची रिटन देऊन बरीच वर्षं झाली. आता कंपनी बदलतोय. जुनी रिटन चालेल ना?"

एटीपी म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, वैमानिकाचा सर्वांत वरचा परवाना. त्यासाठी आधी लेखी परीक्षा, जिला आम्ही रिटन म्हणतो, आणि मग चेकराइड, म्हणजे सिम्युलेटरमध्ये किंवा विमानात परीक्षकासमोर करून दाखवायचं. या दोन परीक्षांच्या मधे कधी काही महिने जातात, कधी काही वर्षं. तेवढ्या काळात माणसाचं लग्न होतं, गाव बदलतं, कंपनी बदलते, कधी कंपनीच बंद पडते. त्या मधल्या काळाने मला जे शिकवलं ते इथे लिहितो आहे.

१. नियम वाटतो त्यापेक्षा सोपा आहे, पण तो स्वतः उघडून वाचलेला माणूस क्वचित भेटतो. एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, तिच्या नियमावलीत ६१.३९ नावाचं कलम आहे. प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट, कमर्शिअल या परीक्षांच्या रिटनची मुदत त्यात २४ महिने आहे, मल्टिइंजिन एटीपीची ६०. महिने कॅलेंडरचे मोजायचे. म्हणजे मार्चच्या तीन तारखेला पास झालेल्याची रिटन पाच वर्षांनंतरच्या मार्चअखेरपर्यंत चालते. एटीपीच्या पेपरात १२५ प्रश्न असतात, वेळ चार तास, पास व्हायला ७० टक्के. वय १८ पूर्ण असलं आणि आधीचा सीटीपी कोर्स (त्याबद्दल पुढे येईल) झालेला असला की बसता येतं. परवान्यासाठी लागणारे १५०० तास तोवर भरलेले नसले तरी हरकत नाही, म्हणून तर लोक रिटन लवकर देऊन ठेवतात. मुदत मात्र पास झाल्या दिवसापासून धावू लागते. तास गोळा करायला किती वेळ लागतोय याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

२. मुदत संपलेली रिटनसुद्धा चालू शकते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून मी ते पान छापून घेतलं आणि पेन्सिलीने खुणा करत सावकाश वाचलं. त्याच कलमात पुढे एक सवलत आहे. तुम्ही चेकराइडच्या वेळी एखाद्या पार्ट १२१ कंपनीत, म्हणजे वेळापत्रकाने चालणाऱ्या एअरलाइनमध्ये, फ्लाइट क्रू म्हणून नोकरीत असाल आणि तिथलं इनिशियल ट्रेनिंग नीट पूर्ण केलेलं असेल, तर मुदत उलटलेल्या रिटनवरही परीक्षा देता येते. पार्ट १३५ मध्ये, म्हणजे चार्टर, एअर टॅक्सी, छोटी कार्गो अशा कंपनीत असाल, तर तिथलं पायलट-इन-कमांडचं ट्रेनिंग किंवा चेकिंग पूर्ण झालेलं हवं. लष्करी वाहतुकीतल्या वैमानिकांनाही अशीच मुभा आहे.

यावरून वैमानिकांमध्ये एक समज पसरला आहे, की सवलत त्या एका कंपनीपुरती असते, आणि कंपनी सोडली की जुनी रिटन कायमची बाद. कलमात असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम फक्त परीक्षेच्या दिवसाबद्दल विचारतं: आज तू कुठे नोकरीला आहेस, आणि तिथलं ट्रेनिंग झालं का? मधे दोन कंपन्या झाल्या, काही महिने घरी बसावं लागलं, याची ते चौकशीच करत नाही. नोकरी सलग असण्याची अट नाही. नव्या कंपनीत नवं ट्रेनिंग पूर्ण झालं की जुन्या कागदाला पुन्हा किंमत येते.

मला हे फार समंजसपणाचं वाटलं. परीक्षकाच्या दृष्टीने पाच वर्षांपूर्वीच्या मार्कांपेक्षा गेल्या दोन महिन्यांत हा माणूस काय शिकला हे महत्त्वाचं, आणि नियम तेच म्हणतो.

३. सगळी गोम आहे ती दोन नोकऱ्यांच्या मधल्या फटीत. आमच्यातला एक जण सेस्ना कॅराव्हॅनमधून रात्रीची पार्सलं वाहायचा. एका इंजिनाचं विमान, एकटा वैमानिक, पहाटे तीनला धावपट्टीवर बर्फ, आणि विमानाच्या पोटात कुणाची औषधं, कुणाच्या मोटारीचे सुटे भाग. कंपनी पार्ट १३५ ची होती आणि कॅप्टनचं चेकिंग दरवर्षी होत होतं. त्यामुळे ६० महिने उलटून गेले तरी तिथे असेपर्यंत त्याची रिटन चालण्यासारखी होती. मग एका एअरलाइनने त्याला बोलावलं. ज्या दिवशी त्याने राजीनामा दिला त्या दिवशी जुन्या कंपनीच्या ट्रेनिंगचा आधार संपला, आणि नव्या कंपनीचं इनिशियल ट्रेनिंग पूर्ण व्हायला अजून बरेच आठवडे होते. कायद्याने त्यात काही बिघडत नव्हतं, कारण परीक्षा शेवटीच होणार होती. पण नव्या कंपनीला वर्ग सुरू होण्याआधी चालू मुदतीची रिटन हातात हवी होती. कंपन्यांना तसा आग्रह धरता येतो आणि बऱ्याच कंपन्या तो धरतात. ट्रेनिंगवर इतका खर्च करायचा, आणि शेवटच्या दिवशी परीक्षकाने कागदावर बोट ठेवायचं, हा धोका त्यांना नको असतो.

तो मला म्हणाला, "दादा, कायद्यात बसतंय तरी कंपनी नाही म्हणते." मी म्हटलं, कायदा ही किमान अट आहे रे, कंपनीने तिच्यावर आपली अट घालायला कायद्याची ना नाही. तो पुन्हा अभ्यासाला बसला आणि पास होऊन वर्गात गेला.

४. आज एअरलाइनच्या वैमानिकाला या सवलतीचा उपयोग पूर्वीपेक्षा कमी उरला आहे, आणि त्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं ३४०७ हे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग कमी झाल्याचा इशारा म्हणून कंट्रोल कॉलम थरथरू लागला तेव्हा कॅप्टनने तो पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. चौकशीत कॅप्टनची ही चुकीची प्रतिक्रियाच अपघाताचं कारण ठरली. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये कायदा झाला.

तोवर एअरलाइनच्या को-पायलटला कमर्शिअल परवाना पुरायचा. एटीपी लागायचं ते कॅप्टन होताना. लेखी परीक्षा आधी देऊन कॅप्टनपदाची वाट बघत वर्षं काढणाऱ्यांना या सवलतीचा खरा उपयोग होता. २०१३ पासून को-पायलटलाही एटीपी सक्तीचं झालं. त्यामुळे आता एअरलाइनमध्ये एटीपीशिवाय कुणी सापडलाच तर तो ट्रेनिंगच्या वर्गात. सवलतीचा मोठा उपयोग राहिला तो पार्ट १३५ वाल्यांना.

त्याच कायद्यातून आलेल्या नियमांनी १ ऑगस्ट २०१४ पासून रिटनच्या आधी एक कोर्स आणला, एटीपी-सीटीपी. ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटर आणि ट्रेनिंग डिव्हाइसमध्ये. खर्च काही हजार डॉलर. तारीख जवळ आली तशी देशभरच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांची टेस्ट सेंटरवर धावपळ उडाली. कोर्स न करता जुन्या पद्धतीने पास होऊ, पैसे वाचवू, असा सगळ्यांचा हिशेब. पण त्या जुन्या रिटनची मुदत २४ महिने होती. ज्यांचे १५०० तास तेवढ्यात भरले नाहीत, त्यांना शेवटी कोर्सही करावा लागला आणि रिटनही पुन्हा द्यावी लागली.

मला या सगळ्यात एक गोष्ट आजही अस्वस्थ करते. त्या बफेलोच्या विमानातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा जास्त तास होते. तासांची उणीव तिथे नव्हतीच. म्हणून मला सीटीपी कोर्स, त्यातला स्टॉल आणि अपसेटचा सराव, हा तासांच्या अटीपेक्षा नेमका उपाय वाटतो. ज्यांनी तो टाळण्यासाठी २०१४ मध्ये धाव घेतली त्यांच्या खिशाची अडचण मला समजते. पण टाळला गेला तो नेमका तोच धडा, ज्यासाठी ५० माणसं गेली होती.

५. रिटनमध्ये पास होणं आणि ते ज्ञान हातात असणं यांत अंतर आहे, हे एका सिम्युलेटर सेशनमध्ये मी जवळून पाहिलं. एटीपीची रिटन आजकाल जवळजवळ सगळेच प्रश्नपेढी पाठ करून देतात. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, दोन-तीन आठवडे उत्तरं घोकायची, पास होऊन बाहेर यायचं. त्यात हायड्रोप्लेनिंगचा एक प्रश्न हमखास भेटतो. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगू लागायचा वेग किती? सूत्र सोपं आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ. दाब १४४ पीएसआय असेल तर वर्गमूळ १२, म्हणजे १०८ नॉट.

सिम शिकवणाऱ्या कॅप्टनबाईंनी मुसळधार पाऊस लावला, बाजूचा वारा लावला आणि उतरायला सांगितलं. माझ्या वर्गातल्या एका तरुणाने चाकं टेकवली, ब्रेक दाबले, रिव्हर्स लावला. विमान वेग सोडेना आणि हळूहळू एका बाजूला सरकू लागलं. बाईंनी सिम थांबवून विचारलं, "काय होतंय?" त्याने क्षणात सूत्र सांगितलं, अगदी अचूक. मग त्यांनी विचारलं, "बरं, मग आता काय करशील?" तो ब्रेक आणखी जोरात दाबतो म्हणाला. त्यांनी त्याला समजावलं, की विमान असं सरकू लागलं तर आधी रिव्हर्स आयडलवर आणायचा, ब्रेक सैल करायचे, मध्यरेषेवर परत यायचं आणि मग पुन्हा थांबवायला लागायचं. सूत्रात एवढं काही नव्हतं. वर्गात एक वयस्क गृहस्थही होते, बंद पडलेल्या कंपनीतून आलेले. आपण रिटन कोणत्या साली दिली हेही त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचे हात आपसूक त्याच क्रमाने चालले.

मग रिटन फुकटची का? मला तसं वाटत नाही. त्याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते: टायरमध्ये हवा कमी असेल तर तो कमी वेगालाही तरंगतो. म्हणून पावसाच्या दिवशी उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना मी टायरपाशी वाकून बघतो. पाठ केलेलं असं कधी कामाला येतं ते सांगता येत नाही, पण येण्यासाठी ते आधी डोक्यात असावं लागतं.

६. सरकारची परीक्षा माणसाबरोबर येते, कंपनीची परीक्षा कंपनीतच राहते. हे मला नव्या कंपनीच्या पहिल्याच आठवड्यात उमगलं, आणि माझ्या मते नोकरी बदलण्यातला सर्वांत नम्र करणारा भाग हाच. परवान्यावर आधीच त्या विमानाचं टाइप रेटिंग असेल, तेच विमान वर्षानुवर्षं उडवलेलं असेल, तरी नव्या एअरलाइनमध्ये पहिल्या दिवशी इंडॉकच्या, म्हणजे कंपनीची ओळख करून देणाऱ्या, वर्गात बसायचं. कंपनीची नियमपुस्तकं, सिस्टिम्सची परीक्षा, प्रोसिजर ट्रेनर, सिम, आणि मग प्रत्यक्ष उड्डाणात चेक एअरमन, म्हणजे कंपनीचा परीक्षक, शेजारी. जुन्या कंपनीतल्या मार्कांना इथे कुणी विचारत नाही. सीनिऑरिटी तर शून्यच. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस चोवीस वर्षांच्या मुलीच्या मागच्या बाकावर बसतो आणि दोघं एकाच पेपरला सामोरे जातात.

सुरुवातीला वाटतं, हा वेळेचा अपव्यय आहे. मग एखादा प्रश्न असा येतो की जुनं बरोबर उत्तर इथे चुकतं. पर्यायी विमानतळाचंच बघा. जनरल एव्हिएशनमध्ये आम्ही शिकतो, की पोहोचण्याच्या वेळी तिथे प्रिसिजन अ‍ॅप्रोचसाठी ढगांची उंची ६०० फूट आणि दृश्यता २ मैल हवी, नॉन-प्रिसिजनसाठी ८०० आणि २. हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता येतात. एअरलाइन मात्र आपल्या ऑपरेशन्स स्पेसिफिकेशन्सने चालते, आणि तिथे सी-०५५ नावाच्या परिच्छेदात हिशेब वेगळा आहे. एकाच नेव्हिगेशन सुविधेवर अवलंबून असाल तर अ‍ॅप्रोचच्या मिनिममवर ४०० फूट आणि १ मैल वाढवायचा. वेगवेगळ्या धावपट्ट्यांसाठी दोन सुविधा असतील तर २०० फूट आणि अर्धा मैल. म्हणजे २०० फूट आणि अर्ध्या मैलाची एकच आयएलएस असेल तर ६०० आणि दीड. तशा दोन असतील तर ४०० आणि १. हवा तीच, विमानतळ तोच, पण निघता येईल की नाही याचं उत्तर तुम्ही कुणासाठी उडता यावर ठरतं.

म्हणून मी आता इंडॉकची कुरकुर करत नाही. नव्या घरात आलेल्या सुनेला डबे कुठे आहेत ते विचारावंच लागतं, तिला स्वयंपाक कितीही येत असला तरी.

७. पास झाल्याचा कागद आपल्याला सांभाळावा लागतो, नापास झाल्याची नोंद आपोआप मागे येते. १९९६ च्या कायद्याने नव्या कंपनीला वैमानिकाच्या जुन्या कंपन्यांकडून गेल्या पाच वर्षांची कागदपत्रं मागवावी लागायची. बफेलोच्या अपघातानंतर कळलं, की कॅप्टनने नोकरी घेताना आपल्या आधीच्या सगळ्या नापास चेकराइड सांगितल्या नव्हत्या. २०१० च्या कायद्याने त्यावर पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसचा उपाय सांगितला, त्याचे नियम २०२१ मध्ये आले, आणि सप्टेंबर २०२४ पासून जुनी कागदोपत्री पद्धत बंद होऊन सगळं या एकाच ठिकाणी आलं. चेकराइड, कंपनीतलं ट्रेनिंग, शिस्तभंगाची कारवाई, नोकरी कशी संपली, सगळं.

अनेकांना याची धास्ती वाटते. मला हा बदल योग्य वाटतो. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात माझा आणि मागे बसलेल्या सगळ्यांचा जीव असतो. त्याचा इतिहास लपू नये. पण याच डेटाबेसमुळे एक प्रश्न मनात येतो. एखाद्याने आधीच्या एअरलाइनचं इनिशियल ट्रेनिंग पूर्ण केल्याची नोंद सरकारकडे आहे. मग चेकराइडच्या आधीच कंपनी बुडाली, तर त्याच ट्रेनिंगच्या आधारावर त्याची रिटन काही काळ जिवंत का ठेवू नये? आज सवलत मिळते ती नोकरीत असलेल्याला. ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे, त्याला ती मिळत नाही. हा नियम बदलावा असं मला मनापासून वाटतं.

८. २०२० मध्ये कोविडच्या साथीत हे सगळं एकदम अंगावर आलं. एप्रिलच्या सुरुवातीच्या आठवड्यात ट्रान्स स्टेट्स आणि कम्पास या दोन रीजनल एअरलाइन्स बंद झाल्या, बाकीच्यांनी भरती थांबवली, टेस्ट सेंटरना कुलपं लागली. ज्यांच्या रिटनची मुदत त्याच महिन्यांत संपत होती त्यांना कुठेच वाट उरली नाही. एफएएने तेव्हा विशेष नियम काढून काही महिने वाढवून दिले. नियम माणसांसाठी वाकवता येतो, हे त्या वर्षी सिद्ध झालं.

९. देश ओलांडला की लेखी ज्ञानाची मोजणी नव्याने होते. युरोपात एटीपीएलच्या, म्हणजे तिथल्या एटीपीच्या, लेखी परीक्षा १३ विषयांच्या, प्रत्येकात ७५ टक्के हवेत. त्या आधारे कमर्शिअल परवाना किंवा इन्स्ट्रुमेंट रेटिंग ३६ महिन्यांत काढावं लागतं. एटीपीएलसाठी मात्र तेच निकाल इन्स्ट्रुमेंट रेटिंगची वैधता संपल्यापासून सात वर्षं चालतात. मला ही पद्धत आवडते. तिथे मालक कोण याला महत्त्व नाही. माणूस ढगांत उडण्याचा सराव राखून आहे का, एवढंच ती बघते.

भारतात परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडची कितीतरी मुलं आईवडिलांनी कर्ज काढून अमेरिकेत शिकायला पाठवलेली असतात. ती एफएएचा कमर्शिअल परवाना घेऊन परततात आणि मग डीजीसीएचे, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचे, कन्व्हर्जनचे पेपर द्यायला बसतात: एअर रेग्युलेशन्स, आणि नेव्हिगेशन व मेटिऑरॉलॉजी मिळून एक. पास व्हायला ७० टक्के. साताऱ्याकडच्या एका मुलाने मला चिडून विचारलं होतं, "दादा, विमान तर तेच आहे ना?" विमान तेच आहे, पण हवा ती नाही. त्याने अमेरिकेत आयसिंग आणि स्क्वॉल लाइन अभ्यासली होती. भारतातल्या पेपरात वेस्टर्न डिस्टर्बन्स, कालबैसाखी आणि मान्सून येतो. मुंबईला जुलैत उतरायचं असेल तर त्या पेपराला कंटाळून कसं चालेल?

१०. शेवटी, पुन्हा परीक्षेला बसणं म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे. हे मला फोनवर सर्वांत जास्त वेळा सांगावं लागतं. सीटीपी कोर्सच्या सर्टिफिकेटला मुदत नाही. ते एकदा मिळालं की कायमचं, तो हजारो डॉलरचा खर्च पुन्हा नाही. मुदत संपते ती फक्त रिटनची, आणि ती परत द्यायला लागते फी आणि काही आठवडे. रिपोर्ट हरवला तर त्याची प्रत मिळते. नोकरी जाणं, बाळ होणं, आईच्या आजारपणात देशात राहावं लागणं, या कारणांनी मुदत उलटलेल्या माणसाला अपराधी वाटायचं काही कारण नाही.

तरी जे अजून रिटन देऊन तास मोजत आहेत त्यांना एक विनंती. तास भरले की चेकराइड स्वतःच्या पैशाने का होईना, पण लवकर देऊन टाका. एटीपी परवान्यावर उमटलं की रिटनचा प्रश्न संपला, मग कितीही कंपन्या बदला. ते जमत नसेल तर राजीनाम्यावर सही करण्याआधी रिपोर्टवरची तारीख काढून बघा, ६१.३९ स्वतः वाचा, आणि नव्या कंपनीला लेखी विचारा की वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांना नेमकं काय हवं आहे. उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको.